जोसाया क्विन्सी: बॉस्टन घडवणारा महापौर की एकहाती कारभारी?

नगरवाचक
1822 पर्यंत बॉस्टनचा कारभार नगरसभेत मतदार जमून चालवायचे. त्या वर्षी शहराची सनद (कारभाराचे नियम ठरवणारा कायदा) मिळाली: एक महापौर, 8 अल्डरमन (वरच्या सभागृहाचे सभासद) आणि 12 वॉर्डांतून 48 नगरसेवक. पहिले महापौर जॉन फिलिप्स वर्षभर जपून वागले. 1823 मध्ये क्विन्सी आले आणि एकेक वर्षाच्या सहा मुदती राहिले. सनदेनं महापौराला फारसे अधिकार दिलेच नव्हते. आरोग्य, आगी, गरिबांची व्यवस्था यांची मंडळं वेगवेगळी होती आणि कोणी कोणाला जुमानत नसे. क्विन्सींनी समित्यांची अध्यक्षपदं स्वतःकडे घेतली. माझ्या मते दुसरा मार्गच नव्हता.

हिशेबनीस
मार्ग होता, सनद दुरुस्त करण्याचा. समितीचा अध्यक्षही तोच आणि तिचा अहवाल अमलात आणणाराही तोच, मग तपासणार कोण? क्विन्सींनी फॅन्यूल हॉलजवळ बांधलेल्या नव्या बाजाराचंच बघा. आधी शहराच्या नावावर कर्ज काढलं, मग भूखंड विकून ते फेडायचा बेत. लिलाव पडला असता तर बोजा करदात्यांवरच आला असता.

नगरवाचक
बाजाराचा क्रम नीट मांडू या. 1742 च्या फॅन्यूल हॉलमध्ये खाली बाजार आणि वर सभागृह. गाळे अपुरे पडून विक्रेते रस्त्यावर आलेले. पूर्वेला जुनी गोदी, तिच्यात गटारं सुटलेली, ओहोटीला घाण उघडी पडायची. क्विन्सींनी धक्के आणि लगतच्या जागा विकत घेतल्या, गोदीत भराव टाकला, सहा नवे रस्ते आखले. मधोमध अलेक्झांडर पॅरिस यांच्या आराखड्यानुसार सुमारे 535 फूट लांब आणि 50 फूट रुंद अशी दुमजली ग्रॅनाइटची इमारत उभी राहिली. कोनशिला एप्रिल 1825 मध्ये, बाजार सुरू ऑगस्ट 1826 मध्ये. खरी हुशारी दोन्ही बाजूंच्या भूखंडांत आहे. ते विकताना अट घातली की दर्शनी भाग ग्रॅनाइटचा आणि पॅरिस यांच्या नकाशाबरहुकूमच हवा. म्हणून गोदामं खाजगी पैशानं बांधली गेली, तरी रांग एकसंध दिसते. खर्च 11 लाख डॉलरच्या वर गेला, पण त्यासाठी वेगळा कर बसला नाही.

हिशेबनीस
कर बसला नाही, पण कर्ज वाढलं, आणि पुढे विरोधकांनी निवडणुकीत तेच पुढे केलं. बाजार चांगला झाला हे मान्य. माझा आक्षेप जोखमीवर आहे. फायदा दिसेपर्यंत धोका सगळ्यांचा आणि निर्णय एकाचा.

बंबखाना
अग्निशमनाबद्दल कोणीच बोललं नाही. जुनी पद्धत म्हणजे माणसांची रांग, हातोहात चामड्याच्या बादल्या आणि त्यांतून बंबात पाणी. रांग तुटली की बंब कोरडा. शिवाय बंबांच्या स्वयंसेवक तुकड्या आपापल्या मर्जीच्या, 1823 मध्ये त्या पैशावरून शहराशी भांडून बाहेर पडल्या. एप्रिल 1825 च्या मोठ्या आगीनंतर क्विन्सींनी एका प्रमुखाखाली खातं उभं केलं, स्वतः पाणी ओढणारे बंब आणि होज (पाण्याच्या लवचीक नळ्या) आणले, जमिनीखाली हौद बांधले. हे काम पाच मंडळांच्या संमतीची वाट बघत झालं असतं असं मला वाटत नाही.

शाळावेडी
आणि मुलींची हायस्कूल? ती 1826 मध्ये उघडली. जागांपेक्षा अर्ज कितीतरी जास्त आले. मुलांच्या शाळेत मुलं मध्येच कामाला लागून गळायची. इथे अठरा महिन्यांत एकाही मुलीनं आपणहून शाळा सोडली नाही. म्हणजे खर्च दरवर्षी वाढणार, आणि क्विन्सींनी नेमकं हेच यश शाळा बंद करण्याचं कारण म्हणून मांडलं! शाळा समितीचे अध्यक्षही तेच. 1828 मध्ये शाळा बंद. रस्ते झाडण्यावर हात सैल सोडणाऱ्या माणसाला इथेच काटकसर आठवावी, हे मला पटत नाही.

नगरवाचक
त्याच सुमारास मुलींना ग्रामर शाळांत (हायस्कूलच्या आधीच्या शाळांत) जास्त वयापर्यंत आणि वर्षभर बसायची मुभा मिळाली. आधी त्या फक्त एप्रिल ते ऑक्टोबर जायच्या. म्हणजे मोजक्या मुलींऐवजी सगळ्यांना थोडं. शिवाय एकहाती म्हणता, तर दरवर्षी मत मागावं लागे. डिसेंबर 1828 मध्ये दोन फेऱ्यांत बहुमत मिळालं नाही, तेव्हा त्यांनी माघार घेतली आणि हॅरिसन ग्रे ओटिस महापौर झाले.

शाळावेडी
ग्रामर शाळेतली जास्त वर्षं म्हणजे हायस्कूल नव्हे, पुढचा अभ्यासक्रमच तिथे नव्हता. आणि मतांचा लगाम वडिलांच्या हातात होता, मुलींच्या आयांना मतदानाचा हक्क नव्हता. क्विन्सी गेले, 1829 मध्ये हार्वर्डचे अध्यक्ष झाले, पण ओटिस यांच्या कारकिर्दीतही शाळा उघडली नाही. बॉस्टनच्या मुलींना 1850 च्या दशकापर्यंत थांबावं लागलं.