अनुभव धागा: परदेशातली बालवाडी आणि वर्गातली ईद

परदेशात बालवाडीत शिकवणाऱ्या मराठी बायका आपल्यात बऱ्याच आहेत (एक-दोन पुरुषही आहेत, त्यांनी लाजू नये). वर्गातली दिवाळी आणि ख्रिसमस यांच्या गोष्टी भरपूर ऐकून झाल्या. ईदचं मात्र कुणी सांगत नाही. म्हणून हा धागा. रमजान, ईद किंवा त्याच्या आगेमागे येणारा एखादा सण वर्गात झाला असेल तर लिहा. फजिती झाली असेल तर आधी ती लिहा. शाळेचं, मुलांचं नाव नको. सुरुवात मीच करते.

दोहा, केजी १

कतारला आले तेव्हा मला रमजान म्हणजे रोजे आणि इफ्तार, एवढंच ठाऊक. शाळा लवकर सुटायची हा आनंद. चार वर्षांच्या पोरांना रोजा नसतो, त्यांचे डबे रोजच्यासारखे उघडायचे. बाईंचा डबा मात्र सगळ्यांदेखत उघडायचा नाही. मी ठोकळे ठेवायच्या खोलीत उभ्याउभ्या पोळीचा रोल संपवायचे.

मग एक दिवस सूचना आली, गुरुवारी गरंगाओ आहे, मुलांना पारंपरिक कपड्यांत पाठवा. मला वाटलं हा खायचा पदार्थ असणार. आमच्या मदतनीस बाईंनी समजावलं. रमजानच्या चौदाव्या रात्री पोरं गळ्यात पिशव्या अडकवून गाणं म्हणत दारोदार जातात, आणि घरोघरच्या बायका त्यांच्या पिशव्यांत अक्रोड, शेंगा, गोळ्या मूठमूठ टाकतात. अर्धा महिना पार पडला, त्याची ही पोरांना बक्षिसी. गाण्याचा अर्थ साधारण असा, की आम्हाला द्या, अल्ला तुम्हाला देईल, मक्केला पोचवेल. मी मनात म्हटलं, अरे, हा तर भोंडला! फक्त हत्ती नाही, आणि खिरापत ओळखायची भानगड नाही.

आता अडचण अशी, की आमची शाळा नट-फ्री. दाराबाहेर शेंगदाण्यावर फुली मारलेलं चित्रच लावलेलं. आणि सण सगळा सुक्यामेव्याचा. मी शहाणपणा करून टोपलीत पॉपकॉर्न, मार्शमेलो, मऊ बिस्किटं भरली. मुली डोक्यावर जरीचे बुखनग घालून आल्या, मुलगे पांढऱ्या थोबवर (पायघोळ अंगरख्यावर) भरतकामाची जाकिटं घालून. एका मुलीची आजी आली होती, चेहऱ्यावर जुन्या पद्धतीचा सोनेरी बतूला, म्हणजे मुखवटा. तिने टोपलीत हात घातला, ढवळलं, कान देऊन ऐकलं आणि माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाली. मदतनीस बाई हसू दाबत म्हणाल्या, "त्या विचारतायत, याचा आवाज कुठाय?"

तेव्हा कळलं की गरंगाओ हे नावच मुळी त्या खडखडाटावरून पडलंय म्हणतात. टणक वस्तू एकमेकींवर आपटल्याचा तो आवाज. पॉपकॉर्न कसलं वाजतंय!

पुढच्या वर्षी मी भारतीय दुकानातून दोन किलो फुटाणे आणले. नट-फ्रीच्या नियमात बसतात, आणि हरभरे तिथल्या मिसळणीत असतातच. वर टणक गोळ्या. आजी पुन्हा आल्या, टोपली हलवली, मान डोलावली. माझं सर्वांत मोठं इन्स्पेक्शन तेच.

शारजा, नर्सरी

गरंगाओवरून लिहायला बसले. मी श्रीवर्धनची, कोकणी मुसलमान. आमच्याकडे शाबान महिन्याच्या पंधराव्या रात्री शब-ए-बरात. घरात चणाडाळीचा हलवा, शेजारीपाजारी ताटं फिरायची, पुरुष मंडळी कबरस्तानात जाऊन यायची. म्हणजे गोडाधोडाची पण गंभीर रात्र. इथे अमिरातीत आले तर याच सुमाराला शाळेत गाणी, फुगे, झगमगीत कपडे! याला म्हणतात हक अल लैला. पोरांचं दारोदार मागणं तसंच, फक्त रमजानच्या पंधरा दिवस आधी. पहिल्या वर्षी मला हे पचायला जड गेलं, खोटं कशाला बोलू. आईला फोन केला तर ती म्हणाली, पोरं आहेत, दे काय मागतात ते.

एक गंमत सांगते. पोरांच्या गळ्यातल्या कापडी पिशवीला इथे खरीता म्हणतात. इतिहासाच्या पुस्तकात बादशहाचा 'खलिता' यायचा ना? तो शब्द यातूनच आलेला. पत्र ज्या पिशवीतून यायचं ती पिशवी. आमच्या वर्गात बावीस खलिते लटकत होते, आणि सगळ्यांत मजकूर एकच, टॉफी.

बर्लिन, किटा (तिथली बालवाडी)

माझी फजिती. इथे रमजान ईदला सगळे त्सुकरफेस्ट म्हणतात, साखरेचा सण. माझ्या गटातली निम्मी मुलं तुर्की घरांतली. मी नवी, उत्साही. सुपरमार्केटमधून जेलीच्या अस्वलांची दहा पाकिटं आणली. आमच्या वयस्क सहकारी बाईंनी एक पाकीट उलटं केलं आणि बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. जिलेटिन, डुकराचं. मी गारच. मुलांना दिली नव्हती हे नशीब. पण खरा धक्का वेगळाच होता. मी कट्टर शाकाहारी, अंडंसुद्धा न खाणारी, आणि दोन वर्षं रोज बसमध्ये तीच अस्वलं खात होते.

धावत जाऊन तुर्की दुकानातून लोकुम (तिकडची मिठाई) आणलं. दुसऱ्या दिवशी एक पाच वर्षांचा मुलगा समोर आला, माझा हात धरला, पापा घेतला आणि कपाळाला लावला. मला काही सुचेना. त्याची आई दारातून म्हणाली, "आता तुम्ही त्याला गोड द्यायचं!" बघताबघता रांग लागली. काही हुशार तीनतीनदा पाया पडून, म्हणजे हात कपाळाला लावून गेले. दसऱ्याला सोनं द्यायला निघालेली आमची आळीतली टोळी अगदी अशीच होती, एका घरात दोनदा.

लंडन, रिसेप्शन (इथल्या शाळेचा पहिला वर्ग)

मी त्या एक-दोन पुरुषांपैकी. वर्गातल्या दोन मैत्रिणी, एकाच रस्त्यावर राहणाऱ्या. एकीची ईद सोमवारी, दुसरीची मंगळवारी, कारण एकीच्या घरी सौदीची घोषणा मानतात आणि दुसरीच्या घरी इथला चंद्र. खरी कुणाची यावरून वाळूच्या हौदात केस ओढाओढी. मी रत्नागिरीचा, काकांकडे टिळक पंचांग, आमच्याकडे दाते. मी कुणाचीच बाजू घेतली नाही.

सिंगापूर, के २

हारी रायाला, म्हणजे इथल्या ईदला, कागदी पट्ट्यांचे केतुपात विणतो (केतुपात म्हणजे माडाच्या पातीच्या विणलेल्या पुडीत शिजवलेला भात). एक वर, एक खाली, एक वर. कार्यानुभवाच्या तासाला केलेली कागदाची चटई इतक्या वर्षांनी कामाला आली. मलय सहकारी म्हणाली, तू आधी शिकली आहेस का? म्हटलं, हो, जिल्हा परिषद शाळा, चौथी.

मस्कत, केजी २

२०२५ मध्ये बकरी ईद ६ जूनला होती, त्यामुळे सुट्टीआधी शाळेत छोटा हज करता आला. फ्रिजच्या खोक्याला काळा कागद, वर सोनेरी पट्टी, झाला काबा. पोरं पांढऱ्या टॉवेलांत. सात फेऱ्या घ्यायच्या, पण चौथीनंतर मोजणी बिघडली, कुणी पाच म्हणे, कुणी दहा. मग सफा ते मरवा (मक्केतल्या दोन टेकड्या) पळापळ, बाकांच्या दोन टोकांमध्ये. कागदी पेल्यांत पाणी. एकाचा टॉवेल सुटला, तो तसाच पळत राहिला.

मी टॉवेल सावरत सगळ्यांबरोबर फिरले होते. शेवटी एकाने जाहीर केलं की मिसपण हज्जा झाली. पंढरीची वारी एकदाही न केलेली मी, सुट्टी लागेपर्यंत त्या वर्गात 'हज्जा मिस' होते.