उजवा गुडघा, सहा वर्षांची लेक आणि तीन सीट: कुठल्या घेऊ?

खिडकीवाली

आजवर विमानाने पुष्कळ फिरले, पण एकटीने. पाठीवर एक पिशवी, मिळेल ती सीट आणि गेटवर पोचायचं ते शेवटची हाक ऐकून. आता पहिल्यांदाच आई (७२) आणि लेक (६) दोघींना घेऊन निघालेय. ज्या गोष्टींकडे कधी ढुंकून पाहिलं नाही, त्या आता रात्री झोपू देत नाहीयेत.

आईच्या उजव्या गुडघ्याचा सांधा बदलून दीड वर्ष झालं. काठी घेऊन बरी चालते, पण पाय तासभर दुमडून बसली की गुडघ्याचं लाकूड होतं. मधूनमधून तो लांब करता आला पाहिजे. लेकीला खिडकी हवी म्हणजे हवीच. विमान नेहमीचंच, मधे एक वाट आणि दोन्हीकडे तीन-तीन सीट. प्रवास चार तासांचा.

माझ्या मनात ए-बी-सी आहे. लेक खिडकीत, मी मधे, आई वाटेकडेला. जास्तीचे पैसे भरून आत्ताच घेऊ, की चेक-इन उघडल्यावर मिळतील त्यात भागवू? शिवाय तपासणीत आईचा गुडघा वाजणार आणि ती घाबरणार. आणि एक जुनीच शंका: सीट नंबर पासवर छापलेला असतो, तरी गेट उघडायच्या आधी अर्धा तास लोक रांग लावून का उभे असतात?

उशिरालतीफ

रांगेचं कोडं मलाही सुटलेलं नाही. मी कायम सगळ्यांच्या शेवटी चढतो आणि विमान मला सोडून गेलेलं नाही. (एकदा गेलं होतं. ते सोडा.)

आईंसाठी आपत्कालीन दाराजवळची रांग घ्या की. पाय पसरायला ऐसपैस जागा असते.

गेटवरची_माजी

लतीफभाऊ, असलं काही सुचवू नका हो. त्या रांगेत काठीवाल्या आजींना बसूच देत नाहीत. वेळ आलीच तर ते दार तिथल्या प्रवाशाने उघडायचं असतं, म्हणून धडधाकट माणूस लागतो. लहान मूलही चालत नाही. वेबसाइट भोळी असते, विचारलं तर सीट देऊन टाकते. मग विमानात शिरल्यावर कुणीतरी येऊन उठवतं, आणि तोवर उरलेली असते ती मागची कुठलीतरी मधली सीट. मी नऊ वर्षं गेटवर होते, अशा किती आज्यांना उठवलंय ते माझं मला ठाऊक.

खिडकीवाली, तुमचं ए-बी-सी कागदावर छान दिसतंय. पण सहा वर्षांची मुलगी चार तासांत 'शू आली' किती वेळा म्हणेल? दर वेळी आधी आईंना उठवा, काठी शोधा, मग तुम्ही निघा, मग ती. आणि परत येताना पुन्हा तेच. त्यापेक्षा सी-डी-ई घ्या. आई सी, वाटेपलीकडे तुम्ही डी, शेजारी लेक ई. लेकीसाठी दर वेळी आईंना उठायला नको, शिवाय त्या तुमच्या हाताच्या अंतरावर. लेकीची खिडकी जाईल, ते भांडण तुमचं तुम्ही मिटवा.

सी आणि डी यांत मात्र गल्लत नको. सी वर बसलं की वाट उजव्या हाताला येते, डी वर डाव्या. उजवा पाय लांब करायचा तर सी च. डावा गुडघा असता तर मी डी सांगितली असती. पुष्कळ लोक 'वाटेची सीट द्या' एवढंच म्हणतात आणि मग नको तो पाय वाटेत येतो. अर्थात खाण्यापिण्याची गाडी आली की पाय आत.

पहिली रांगही नको. समोर भिंत असते, त्यामुळे पाय पुढच्या सीटखाली सरकवता येत नाही. पर्ससकट सगळं उड्डाणाच्या वेळी वरच्या कप्प्यात जातं आणि हाताचे दांडे उचलत नाहीत, कारण ट्रे त्यांच्या पोटात असतो. बाकीच्या रांगांत बऱ्याच विमानांत वाटेकडचा दांडासुद्धा वर होतो. बिजागरीपाशी खालच्या बाजूला बोटाने चाचपडा, एक छोटी कळ असते. ती दाबली की दांडा उचलतो आणि गुडघा न वाकवता बाजूने सरकून बसता येतं. सगळ्या विमानांत नसते, पण बघायला काय जातं?

पैशांचं म्हणाल तर एकट्या माणसाने भरू नयेत असं माझं मत. तुम्ही भरा. तुम्हाला 'तीन सीट एकत्र' एवढंच नकोय, ठरावीक तीन हव्या आहेत. आणि तिघी एकाच बुकिंगवर आहात ना? आईंचं तिकीट वेगळं काढलं असेल तर तुम्ही एकाच घरातल्या आहात हे संगणकाला कसं कळणार? फोन करून दोन्ही बुकिंग जोडून घ्या.

व्हीलचेअर मागा. काठीने चालतात म्हणून संकोच करू नका, विमानतळावरचं चालणं घरातल्यासारखं नसतं. निदान ४८ तास आधी कळवा, आणि कळवताना नुसतं 'व्हीलचेअर' म्हणू नका, 'जिना चढता येत नाही' हे सांगा. आमच्या यादीत प्रवाशाच्या नावापुढे तीन प्रकारच्या खुणा यायच्या. डब्ल्यूसीएचआर म्हणजे लांब चालवत नाही पण पायऱ्या चढता येतात. डब्ल्यूसीएचएस म्हणजे पायऱ्याही नाहीत. डब्ल्यूसीएचसी म्हणजे थेट सीटपर्यंत न्यायचं. विमान लांब उभं असलं आणि बसने जायचं झालं, तर शिडी समोर आल्यावर 'आर' वाल्या आजी खालीच अडकतात. 'एस' असेल तर उचलणारी गाडी आधीच सांगून ठेवलेली असते. एका अक्षराचा फरक, पण त्यापायी माणसं रडलेली पाहिलीत.

धातूचा_माणूस

माझे दोन्ही खुबे धातूचे, त्यामुळे तपासणीचं मी सांगतो.

धातू शोधणारी साधी चौकट असेल तर बहुधा वाजणारच. डॉक्टरांचं पत्र, कार्ड, शस्त्रक्रियेची खूण, काहीही दाखवलं तरी पुढची तपासणी चुकत नाही. पत्राने फक्त संवाद सोपा होतो. म्हणून वाजायच्या आधीच सांगायचं: 'उजव्या गुडघ्यात धातू आहे.' मग ते लोक हातातलं यंत्र फिरवतात आणि गुडघ्यावरून हात फिरवून बघतात. बाई माणूस तपासायला मागता येतं, बाजूच्या खोलीतही करतात. आईंना घरीच एकदा हे सगळं सांगून ठेवा. घाबरायला होतं ते आवाजाने नाही, अचानक झाल्याने.

दुसरं यंत्र म्हणजे हात वर करून उभं राहायची काचेची खोली. ते कपड्यांखालचं बघतं, त्वचेच्या आतलं त्याला दिसत नाही. तिथे माझे खुबे गप्प असतात. दोन्ही सोयी असतील तर तिकडे पाठवा म्हणावं. आणि काठी पट्ट्यावर जाणार. तेवढ्यापुरती दुसरी देतात किंवा हात धरतात, पण मागावं लागतं.

बूट काढायची पद्धत २००१ च्या डिसेंबरात पॅरिसहून मायामीला जाणाऱ्या विमानात एकाने बुटातला स्फोटक पेटवायचा प्रयत्न केला त्यातून आली. अमेरिकेने ती सरसकट सक्ती जुलै २०२५ मध्ये सोडली. पण आईंना वाकायला न लागणारे, सहज निघणारे बूट घाला. कुठे काढायला सांगतील ते सांगता येत नाही.

खिडकीवाली

केवढी मदत! सी-डी-ई घेतल्या. लेक रुसलीय. आई म्हणते व्हीलचेअर नको, लोक काय म्हणतील. आता तिला 'एस' चं महत्त्व समजावतेय.

गुडघ्याला लावायचं मलम हातातल्या बॅगेत चालेल ना? ट्यूब निम्म्याहून जास्त संपलीय.

धातूचा_माणूस

ट्यूबवर आकडा काय छापलाय? १०० मिलीच्या वर असेल तर काढून घेतील, आत चमचाभर उरलं असलं तरी. मोजतात ती बाटली, आतला माल नाही. ऑगस्ट २००६ मध्ये ब्रिटनमध्ये पेयांच्या बाटल्यांतून द्रव स्फोटकं विमानात न्यायचा कट उघडकीला आला, तेव्हापासूनची ही भानगड. आतलं त्रिमितीत दाखवणारी नवी यंत्रं जिथे बसलीत, तिथे काही ठिकाणी मोकळीक आहे. पण जाताना मोकळीक आणि येताना नाही असं झालं तर ट्यूब तिकडेच राहायची. छोट्या डबीत काढून घ्या. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं आणि तान्ह्या बाळाचं दूध यांना सूट असते, फक्त आपणहून बाहेर काढून दाखवायचं.

त्रैराशिक

रांगेच्या प्रश्नाला कुणीच हात घातला नाही, म्हणून मी.

जेसन स्टेफन नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने २००८ मध्ये हे गणित मांडलं. पुढे नकली विमानात १२ रांगा आणि ७२ माणसं घेऊन खरोखर करूनही पाहिलं. गटागटाने चढवलं तर ६ मिनिटं ५४ सेकंद लागले. मागून पुढे ओळीने ६:११. कसलाच क्रम न लावता सोडलं तर ४:४४! आधी खिडकीवाले, मग मधले, मग वाटेवाले असं केलं तर ४:१३. आणि त्याची स्वतःची पद्धत, म्हणजे खिडकीवाले आधी पण एकाआड एक रांगेतले, ३:३६.

कारण साधं आहे. वेळ चालण्यात जात नाही, बॅग वर चढवण्यात जातो. एकाच भागातले लोक एकदम आले की तेवढ्या दोन हातांच्या जागेत एक जण बॅग ढकलतो आणि बाकीचे बघत उभे राहतात. विखुरलेले असले तर दहा जण एकाच वेळी आपापली बॅग चढवतात. म्हणजे गोंधळ हा गटागटाच्या शिस्तीपेक्षा जलद निघाला.

उशिरालतीफ

हे छापून फ्रेम करून लावतो घरी.

गेटवरची_माजी

त्रैराशिक, तुमचे ७२ जण एकएकटे होते. आमच्याकडे एकाआड एक रांगेची हाक दिली असती तर नवरा आत, बायको बाहेर आणि पोरगं मधल्या मधे! तरी खिडकीवाले आधी, ही पद्धत काही कंपन्या वापरतात. अमेरिकेतल्या युनायटेडने ऑक्टोबर २०२३ पासून तीच परत आणली.

लोक उभे का राहतात? सीट ठरलेली असते, डोक्यावरचा कप्पा ठरलेला नसतो. भरलेल्या विमानात शेवटच्या तीस-चाळीस जणांच्या चाकाच्या बॅगा दारातून खाली पोटात जातात. ते लोक तेवढ्यासाठी उभे असतात, मला त्यांचा राग येत नाही. ज्यांची बॅग सीटखाली मावते तेही उभे असतात, त्यांचा येतो.

बॅग अशी खाली मागितली तर पॉवर बँक आधी काढून घ्या. लिथियमच्या सुट्या बॅटऱ्या पोटात चालत नाहीत. तिथे पेट घेतला तर कुणाचा हात पोचत नाही, केबिनमध्ये निदान पाणी ओतता येतं. साधारण १०० वॉट-तासांपर्यंत विनापरवानगी चालते. २०,००० एमएएचची पॉवर बँक ७४ वॉट-तासांची होते, म्हणजे काळजी नाही.

आणि लतीफभाऊ, तुमच्यासाठी. तुम्ही आला नाहीत तर नुसतं दार लावून चालत नाही. तुमची बॅग पोटात असेल तर ती शोधून बाहेर काढावी लागते, प्रवासी नाही तर त्याची बॅगही नाही. पावसात दोघं जण डब्यातून शंभर बॅगा उपसतायत आणि तुम्ही अत्तराच्या दुकानात. 'शेवटची हाक' देणाऱ्या बाईचा आवाज थोडा चिरका का असतो ते आता कळलं असेल.

उशिरालतीफ

दुकान अत्तराचं नव्हतं. पुस्तकांचं होतं. तरीही माफी.

खिडकीवाली

जाऊन पोचलो, म्हणून लिहितेय.

'एस' मुळे वाचलो. विमान लांब उभं होतं आणि शिडीच होती. आई उचलणाऱ्या गाडीतून राणीसारखी वर आली, लोकांचं काय म्हणणं होतं ते विचारायला विसरली. सगळ्यांच्या आधी चढलो, सगळ्यांच्या शेवटी उतरलो. उतरताना वीसेक मिनिटं रिकाम्या विमानात बसायला लागतं हे कुणी सांगितलं नव्हतं. पुढचं विमान पकडायचं असतं तर फजिती होती.

गुडघा चौकटीत वाजला. आईने दोन्ही हात वर केले आणि 'राइट नी, मेटल' असं इतक्या मोठ्याने म्हणाली की मागच्या रांगेनेही ऐकलं असेल. घरी चार वेळा तालीम झाली होती. सी वर पाय मस्त लांब झाला. दांड्याची कळ सापडली, शेजारच्या गृहस्थांनाही दाखवली.

आणि एफ रिकामी राहिली! दार लागल्यावर विचारून लेकीला तिकडे सरकवलं. तर आमच्या रांगेला खिडकीच नाही, नुसती भिंत. निम्मी खिडकी पुढच्या रांगेत, निम्मी मागच्या. चार तास ती मान वेळावून पुढच्याच्या खिडकीतून ढग बघत होती.

परतीचं विमान मोठं आहे, दोन वाटा, तीन-चार-तीन सीट. उजवा गुडघा. सी घेऊ की मधल्या चारांतली जी?

गेटवरची_माजी

भिंतीचं मी सांगायला हवं होतं. खिडक्या सांगाड्याच्या मापाने असतात आणि सीट कंपनी आपल्या मापाने बसवते, दोन्हींचा मेळ बसतोच असं नाही.

वाट उजव्या हाताला सी चीही येते आणि जी चीही. जी घ्या, मधल्या चारांना दुसरीकडूनही वाट असते, म्हणून आईंना कमी उठावं लागेल. आई जी, तुम्ही वाटेपलीकडे एच, लेक जे. आय शोधत बसू नका, ते अक्षर सहसा गाळतात. एकच्या आकड्यासारखं दिसतं.