छाया, सावली, पडछाया: चित्र शिकताना कुठे कोणता शब्द?

प्रश्न: पेन्सिलने वस्तुचित्र काढायला शिकते आहे, जोडीला मोबाइलवर फोटोही काढते. वर्गात सर कधी ‘छाया’ म्हणतात, कधी ‘पडछाया’. घरी आम्ही सगळ्यालाच सावली म्हणतो. हे शब्द खरंच वेगळे आहेत का? आणि कवडसा व तिरीप यांत फरक काय?

– बोलण्यात सावली दोन्हीकडे चालते: झाडाखाली बसायची ती आणि भिंतीवर पडते तीही.

– चित्रात मात्र फरक करावाच, आणि मला तो फार मोलाचा वाटतो. टेबलावर अंडं ठेवून एका बाजूने दिवा लावा. अंड्याच्या अंगावर, दिव्याच्या उलट बाजूला असते ती छाया. अंड्याने उजेड अडवल्यामुळे टेबलावर उमटते ती पडछाया. छायेची कड हळूहळू विरते, त्यातूनच गोलाई कळते. पडछाया सांगते वस्तू कुठे टेकली आहे. टेकल्या जागी ती गडद आणि रेखीव, पुढे मऊ होत जाते. उन्हातही तेच, कारण सूर्य म्हणजे बिंदू नव्हे. आकाशात तो सुमारे अर्धा अंश रुंद दिसतो. जमिनीपासून १ मीटरवर असलेल्या फांदीच्या सावलीची कड त्यामुळे ९ मिमीच्या आसपास पसरते. छाया आणि पडछाया दोन्हींवर सरसकट ६बी (मऊ, गडद पेन्सिल) फिरवली की अंडं टेबलात रुतल्यासारखं दिसतं. आणखी एक: टेबलावरून उसळलेला उजेड छायेत शिरतो. तो जरूर दाखवा, पण उजेडातल्या भागापेक्षा गडदच ठेवा.

– फोटोबद्दल: कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर दृश्याला मधल्या राखाडीकडे ओढतो, म्हणून पांढरी भिंत मळकट येते. पण उजळ भागातला तपशील जपायचा असेल तेव्हा मोबाइलवर त्या भागावर बोट टेकवा आणि उजेड थोडा उतरवा. पडछाया काळी गेली तरी चित्र टिकतं; पांढरा फटक पडलेला तपशील परत येत नाही.

– तिरीप म्हणजे तिरकं आत येणारं ऊन, कवडसा म्हणजे त्याचा पडलेला ठिपका. आरशाने पाडतो तोही कवडसाच. कौलातल्या बारीक भोकाचा कवडसा गोल असतो, भोक कसंही असो, कारण ती सूर्याची प्रतिमाच असते; ३ मीटर खाली ती सुमारे ३ सेंमीची होते. खंडग्रास ग्रहणात तोच कवडसा चंद्रकोरीसारखा दिसतो. घरातला हा पहिला कॅमेराच म्हणा!

– कुणी म्हणेल, मग फोटोला ‘छायाचित्र’ का? उजेडाने उमटतं ते ‘प्रकाशचित्र’ हवं.

– ‘छायाचित्र’ मला पटतं. १८३९ मध्ये छायाचित्रणाचा एक आद्य संशोधक, इंग्लंडचा टॅल्बट, याने आपल्या पद्धतीला ‘सावली पक्की करण्याची कला’ असंच म्हटलं होतं. त्याच्या कागदावर उजेड पडे तिथे काळं होई आणि सावलीची जागा पांढरी राही.

प्रश्नकर्ती: आभार. चित्रकार सावळाराम हळदणकरांच्या, म्हैसूरला असलेल्या ‘ग्लो ऑफ होप’ या चित्रात ज्योतीआड धरलेली बोटं लालसर उजळतात. ती ना छाया, ना कवडसा. त्याला काय म्हणायचं?

– मी ‘झिरपता उजेड’ म्हणते. रक्त बाकीचे रंग शोषतं, लाल तेवढा पार होतो. म्हणून तिथे छायेसाठी काळा मिसळू नका. गरम लाल, नारिंगी वापरा आणि कडेला पातळ करत न्या.