25 एक्स्टेंशन्स? आधी 5 का लागतात ते सांगा

गोदाकाठ
काल इथे कुणीतरी 'वेब डिझायनरकडे हवीतच अशी 25 एक्स्टेंशन्स' म्हणून (ब्राउझरला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमची) यादी टाकली आणि खाली नुसती 'वा, सेव्ह केलं'ची रांग. राहवलं नाही म्हणून लिहितोय. रंग उचलायला एक, रुंदी मोजायला एक, अख्ख्या पानाचा स्क्रीनशॉट घ्यायला एक. अरे, यातलं बहुतेक सगळं ब्राउझरच्या पोटातच आहे! क्रोममध्ये डेव्हटूल्स (पानाची आतली रचना दाखवणारी खिडकी) उघडा, कंट्रोल-शिफ्ट-पी दाबा, 'स्क्रीनशॉट' टाइप करा, पूर्ण पान पदरात. फायरफॉक्समध्ये तर राइट क्लिकवरच आहे.

आणि टाकताना ती पाटी येते ना, 'सर्व वेबसाइटवरचा तुमचा डेटा वाचू आणि बदलू शकेल', ती कुणी वाचतं? मीही वाचली नव्हती. पंचवटीतल्या एका लॉजची साइट केली, कुंभाचं बुकिंग डोळ्यासमोर ठेवून. दाखवायला माझाच लॅपटॉप घेऊन गेलो. काउंटरवर पान उघडलं, तर 'खोली निवडा'च्या बरोब्बर वर दुसऱ्याच हॉटेलचं सवलतीचं कुपन! मालक शांतपणे म्हणाले, "हे पण तुम्हीच टाकलं का?" घरी येऊन एकेक एक्स्टेंशन बंद करत बसलो. अकरावं निघालं. स्क्रीनशॉटवालं.

अंबडचा_कोडर
मालक, एक मणी नासला म्हणून अख्खा घड उकिरड्यावर? ज्या डेव्हटूल्सचं कौतुक चाललंय ती आली कुठून? 2006 साली फायरबग हे पानाचा कोड तपासणारं एक्स्टेंशन आलं, तेव्हा ब्राउझरच्या पोटात काय होतं? जवळजवळ शून्य. आम्ही चुकीचा डिव्ह (पानाचा चौकोनी तुकडा) शोधायला पानभर लाल बॉर्डर टाकत होतो. एक्स्टेंशनवाल्यांनी वाट पाडली, ब्राउझरवाल्यांनी डांबर टाकलं. आता म्हणे एक्स्टेंशन कशाला.

गोदाकाठ
फायरबगला माझाही नमस्कार. पण तुमच्या घडाचंच बोलू. मणी बागेत नासत नाही, पेटीत भरल्यावर नासतो. ऑगस्ट 2017 मध्ये 'वेब डेव्हलपर' या एक्स्टेंशनच्या कर्त्याचं खातं फिशिंगने, म्हणजे फसव्या मेलने, गेलं आणि जाहिराती घुसवणारी आवृत्ती लोकांकडे आपोआप पोहोचली. दहा लाखांवर लोक वापरत होते ते. न वापरलेले टॅब झोपवणारं 'ग्रेट सस्पेंडर' 2020 मध्ये विकलं गेलं, 2021 मध्ये गूगलने मालवेअर म्हणून उडवलं. टाकलं त्या दिवशी दोन्ही सोन्यासारखी होती.

शाई_आणि_पिक्सेल
माझ्याकडे 9 आहेत आणि एकही काढणार नाही. तुम्ही दोघं कोड लिहिता, मी क्लायंटशेजारी बसते. तो विचारतो, "हा निळा कुठला हो?" तेव्हा डेव्हटूल्सची ती काळी भिंत उघडली की माणूस दचकतो. कलरझिला असलं की एक क्लिक. फॉन्टचंही तेच. एका मराठी साइटचं अक्षर आवडलं, व्हॉटफॉन्टने 'रोबोटो' सांगितलं, तेच लावलं. विषय संपला.

चिवडा_तिखट
ताई, विषय इथे सुरू होतो. रोबोटोत देवनागरी नाहीच! एक्स्टेंशन सीएसएसमधलं (पानाची सजावट ठरवणारा कोड) नाव वाचून मोकळं होतं. अक्षर न मिळाल्यावर ब्राउझर गुपचूप दुसरा फॉन्ट आणतो, विंडोजवर बहुधा निर्मला यूआय, अँड्रॉइडवर नोटो. खरं बघायचं तर डेव्हटूल्समध्ये 'कंप्यूटेड' उघडा आणि तळाशी जा. 'रेंडर्ड फॉन्ट्स'खाली कुठल्या फॉन्टची किती चिन्हं वापरली ते आकड्यांत दिसतं.

आणि तिथे असताना तुमचा ल, श बघा. एचटीएमएलच्या पहिल्या ओळीत भाषा 'ईएन' (इंग्रजी) राहिली असेल तर ते हिंदी वळणाचे दिसत असतील. 'एमआर' (मराठी) केलं की, फॉन्टमध्ये मराठी रूपं असतील तर, आपोआप बदलतात. नोटो सान्स देवनागरीत आहेत.

अंबडचा_कोडर
ल कसाही काढला तरी वाचता येतो ना? माझ्या एकाही क्लायंटने आजवर ल वरून बिल अडवलेलं नाही.

जुना_नाशिककर
वाचता येतो! तात्यासाहेब शिरवाडकरांच्या नाशकात बसून हे म्हणता? दरवर्षी 27 फेब्रुवारीला त्यांचा फोटो लावून शुभेच्छांचं बॅनर करता, त्यातला ल सुद्धा हिंदी वळणाचा. मी 20 वर्षं छपाईत काढली आहेत. कंपोझिटरने चुकीचा ल बसवला तर प्रूफ परत जायचं. 2009 च्या शासन निर्णयात वर्णमाला अक्षरांच्या वळणासकट दिली आहे, ती उघडून तरी बघितलीत का?

अंबडचा_कोडर
काका, धागा एक्स्टेंशनचा होता. आता ल साठी उपोषणाला बसा.

जुना_नाशिककर
काका कोण? आणि बसेनही. तुमच्यासारखे परदेशी टेम्प्लेट उचलून नुसता मजकूर बदलतात, म्हणून ही वेळ आली.

चिवडा_तिखट
टेम्प्लेटचं शंभर टक्के खरं. शिवाय त्यांची लाइन-हाइट (ओळींमधलं अंतर) इंग्रजीच्या मापाची. 'र्की'ची वेलांटी आणि रफार वरच्या ओळीतल्या उकारात जाऊन अडकतात. ते सांगणारं एक्स्टेंशन 25 च्या यादीत होतं का?

शाई_आणि_पिक्सेल
भांडणं झाली असतील तर सांगते. बघितलं. भाषा 'ईएन'च होती, आणि रेंडर्ड फॉन्ट्समध्ये रोबोटोच्या नावावर फक्त आकडे आणि पूर्णविराम. 'एमआर' केल्यावर डोळ्यादेखत ल पालटला. एका शीर्षकातला श मात्र हटून बसलाय, त्या फॉन्टमध्ये मराठी रूपच नसावं. चिवडाराव, तुमचं बरोबर निघालं, तिखट जरा कमी घाला. व्हॉटफॉन्ट काढलं. उरली 8.

अंबडचा_कोडर
अभिनंदन. रिॲक्टचं डेव्हटूल्स (रिॲक्टमध्ये बांधलेल्या साइट तपासणारं) आणि ॲक्स (साइट दिव्यांगांना वापरता येते का तपासणारं) मात्र मी काढणार नाही, जगबुडी आली तरी. अक्षर आणि पार्श्वभूमीचा कॉन्ट्रास्ट क्रोम स्वतः दाखवतं हे मान्य, पण लेबल नसलेले फॉर्म ॲक्स एका दमात पकडतं.

गोदाकाठ
ती दोन्ही माझ्याकडेही आहेत. शून्य ठेवा असं म्हणालोच कुठे? क्रोममध्ये कामाची वेगळी प्रोफाइल करा. तिथे बँक नाही, क्लायंटचं ॲडमिन पॅनेल नाही. उरलेल्या एक्स्टेंशन्सना साइट ॲक्सेसमध्ये (कुठल्या साइटवर चालायचं ती सेटिंग) 'क्लिक केल्यावर'च परवानगी द्या.

अंबडचा_कोडर
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं असतं तर माझा अर्धा दिवस वाचला असता. प्रोफाइल केली. तुमच्या सांगण्यावरून नाही, तसंही करायचीच होती.

जुना_नाशिककर
गोदाकाठ, त्या पंचवटीच्या साइटवर 'लॉज' असं मोठ्या अक्षरात असेलच की. त्यातला ल कुठला आहे?

गोदाकाठ
आत्ता उघडून बघितलं. हिंदी. करतो.