आरजीएस४ : एमआरएनए भरपूर, वेस्टर्नमध्ये बँड मात्र नाही

प्रश्न
एचईके-२९३ या मानवी पेशींत आरजीएस४ हे जी-प्रथिनांचे संदेश आवरणारं मानवी प्रथिन (२०५ अमिनो आम्लं, साधारण २४ किलोडाल्टन) घातलंय. क्यूपीसीआरमध्ये (एमआरएनए मोजायची पद्धत) एमआरएनए ठणठणीत दिसतो, वेस्टर्नमध्ये (प्रथिन पट्टीच्या, म्हणजे बँडच्या रूपात दाखवणारी चाचणी) काहीच नाही. फ्लॅग टॅग (प्रतिपिंडाने ओळखता येणारी छोटी खूण) प्रथिनाच्या सी-टोकाला, म्हणजे शेवटाला आहे. तोच एन-टोकाला, म्हणजे सुरुवातीला लावला की बँड स्वच्छ येतो. सी-टोकाचा टॅग तुटतोय का? पुढच्या कॅल्शियमच्या प्रयोगांना एन-टॅगवालं चालेल का?

उत्तर १
टॅग तुटत नाही, अख्खं प्रथिनच जातंय. आरजीएस४ ची सुरुवात मेथिओनिन-सिस्टीन अशी आहे. मेथिओनिन छाटलं की दुसऱ्या जागचं सिस्टीन उघडं पडतं. एडीओ एन्झाइम प्राणवायू वापरून त्याचं ऑक्सिडीकरण करतं, एटीई१ हे दुसरं एन्झाइम त्यावर आर्जिनिन चढवतं, आणि मग युबिक्विटिनची खूण लागून प्रथिन प्रोटिॲसोममध्ये (प्रथिनं तोडणाऱ्या यंत्रणेत) जातं. आरजीएस५ आणि आरजीएस१६ यांचीही हीच गत. एन-टोकाला टॅग लावला की सिस्टीन झाकलं जातं, म्हणून तुमचा बँड टिकतो. तो टिकाऊपणा टॅगने आणलेला आहे, आरजीएस४ चा नव्हे.

खात्रीसाठी सी-टॅगवाल्या पेशींना १० मायक्रोमोलर एमजी-१३२ (प्रोटिॲसोम रोखणारं रसायन) द्या, ४ ते ६ तास, शेजारी तुलनेसाठी फक्त डीएमएसओ (एमजी-१३२ चा द्रावक) दिलेली प्लेट. लायसिस बफरमध्येही (पेशी फोडायच्या द्रावणात) एमजी-१३२ हवंच. वेस्टर्नसाठी ०.२ मायक्रॉन छिद्रांचा मेंब्रेन घ्या, ०.४५ मधून एवढं लहान प्रथिन आरपार निघून जाऊ शकतं.

उत्तर २
एवढ्यावर थांबू नका. प्लाझ्मिड (जनुक पेशीत नेणारं डीएनएचं वर्तुळ) सीएमव्ही प्रमोटरचं (जनुक चालू करणारा विषाणूचा डीएनए तुकडा) असेल तर प्रोटिॲसोम रोखल्यावर प्रमोटरच चढू शकतो, आणि वाढलेला बँड फसवतो. शेजारच्या लेनमध्ये सी२एस म्युटंट (दुसऱ्या जागी सिस्टीनऐवजी सेरीन असलेलं आरजीएस४) ठेवा. तो आधीच टिकाऊ असतो, एमजी-१३२ ने फारसा हलायला नको. तोही तितकाच वाढला, तर दोष प्रमोटरचा.

पण सी२एस म्हणजे ‘तेच प्रथिन, फक्त टिकाऊ’ असं धरू नका. सिस्टीन २ वर पामिटेट हे मेदाम्लही बसतं, त्यामुळे पेशीपटलाशी असलेलं नातं बदलू शकतं.

उत्तर ३
कॅल्शियमबद्दल. या पेशींत एम३ रिसेप्टर (जीक्यूमार्फत कॅल्शियम वाढवणारा) मुळातच असतो, त्याला चेतवायला कार्बाकॉल हे रसायन पुरतं. आरजीएस४ हे जीआय आणि जीक्यू या दोन्ही जी-प्रथिनांच्या अल्फा उपघटकांवरच्या जीटीपीचं विघटन वेगात घडवून आणतं, जीएस या तिसऱ्या जी-प्रथिनाचं नाही. म्हणून फोर्सकोलिन या रसायनाने वाढवलेल्या सीएएमपीवर (पेशीतला संदेशवाहक रेणू) थेट परिणामाची वाट पाहू नका.

गफलत इथे होते : कार्बाकॉलची एकच मोठी मात्रा देतात, आणि संपृक्त मात्रेला कॅल्शियमचं शिखर जवळपास सारखंच येतं. आख्खा मात्रा-वक्र काढा. फरक खालच्या मात्रांना दिसतो. दुसरं, कॅल्शियम दाखवणारं रंगद्रव्य सगळ्याच पेशींत शिरतं, प्लाझ्मिड मात्र काहींतच. उरलेल्या पेशींचा उजेड परिणाम बुजवून टाकतो. जीकॅम्पचं (कॅल्शियमला चमकणारं प्रथिन) प्लाझ्मिडही सोबतच पेशींत घाला, मग चमकतील त्या बहुतांशी प्लाझ्मिड घेतलेल्या पेशीच असतील.

नियंत्रण म्हणून रिकामं प्लाझ्मिड पुरेसं नाही, एन१२८ए म्युटंट (१२८ व्या जागी ॲस्पॅराजिनऐवजी ॲलानिन असलेलं आरजीएस४) हवा. तो जी-प्रथिनाच्या अल्फा उपघटकाला नीट धरत नाही. त्याच्याही सुरुवातीला सी२एस घाला, नाहीतर दोन प्रथिनांची पातळीच जुळणार नाही.