प्रतिसाद: विषय शोधायला बाहेरगावी जायलाच हवं का?

शहरात बसून प्रिंटसाठी, म्हणजे कोरून छापायच्या चित्रांसाठी, विषय सापडत नाहीत, त्यासाठी कोकण नाहीतर हंपी गाठावं लागतं, हे म्हणणं मला अजिबात पटलं नाही. मुंबईतलंच उदाहरण घ्या. चित्तप्रसाद भट्टाचार्य हे चित्रकार मूळचे बंगालचे. १९४३च्या दुष्काळातल्या माणसांची त्यांची रेखाटनं अनेकांना ठाऊक असतात, पण १९४६च्या सुमारास ते मुंबईला आले आणि पुढची कितीतरी वर्षं अंधेरीतल्या एका लहानशा जागेत राहून काम करत होते, हे फारसं बोललं जात नाही. खेळायच्या वयात कामाला जुंपलेल्या मुलांची त्यांची लिनोकट (लिनोलियमच्या तुकड्यावर कोरून, शाई लावून छापलेल्या चित्रांची) मालिका याच काळातली. १९६९मध्ये युनिसेफच्या डेन्मार्क समितीने ती प्रसिद्ध केली. तिच्यातली मुलं आजही रस्त्यावर दिसतात, म्हणून ती बघताना फार अस्वस्थ व्हायला होतं.

आणि लिनोला तर रोजचा विषयच मानवतो, असं मला मनापासून वाटतं. पेन्सिलीसारखी हलकी छटा तिथे नाही. कोरलं ते पांढरं, राहिलं ते काळं. काय काढून टाकायचं हे आधीच पक्कं ठरवावं लागतं, आणि ते धैर्य शंभरदा पाहिलेल्या गोष्टीबाबतच येतं. मी स्वतः सध्या आमच्या कोपऱ्यावरचं इस्त्रीचं दुकान कोरतोय. माझ्याकडे छापायचं यंत्र नाही, कागदाच्या पाठीवर चमचा घासून छापतो. छाप चांगले येतात.