अनुभव धागा : स्काऊट-गाईडमध्ये शिकलेले काय आजही तुमच्या हातात आहे?

होम मैदान
गेल्या रविवारी आई जिन्यावरून घसरली आणि तिचे मनगट दुखावले. रिक्षा येईपर्यंतच्या दहा मिनिटांत मी आदल्या दिवशीच्या वर्तमानपत्राची जाड घडी तिच्या हाताखाली धरून दोन रुमालांनी बांधली, ओढणीची त्रिकोणी घडी घालून झोळी केली, बोटे कोपरापेक्षा जराशी उंच आणि नखे उघडी राहतील असे पाहिले आणि गाठ मानेच्या मणक्यावर न येऊ देता खांद्याजवळच्या खळगीत बसवली. दवाखान्यात डॉक्टरांनी झोळी सोडताना ती कोणी बांधली असे विचारले, तेव्हा मी इतकेच सांगू शकलो की शाळेत असताना मी स्काऊट होतो.

हे मी १९८८ साली आठवीत असताना शिकलो होतो. सोलापुरातील नवी पेठेजवळच्या आमच्या शाळेचे पथक शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर भरत असे आणि मी गरुड संघात होतो. सर आम्हाला गाठी स्वतः शिकवत नसत. ते चार संघनायकांना शिकवत, संघनायक आपापल्या संघातील सात मुलांना शिकवत आणि मग सर फक्त तपासत. आमचा संघनायक माझ्याहून वर्षभरानेच मोठा होता, पण रीफ नॉट बांधताना 'डावे उजव्यावर, मग उजवे डाव्यावर' हे त्याने माझ्याकडून इतक्या वेळा करून घेतले की परवा आई कण्हत असताना मला ते आठवावे लागले नाही. ही गाठ चपटी बसते, म्हणून अंगाला रुतत नाही, आणि उलट दिशेने ओढली की लगेच सैल होते, म्हणूनच प्रथमोपचारात ती वापरतात. आईच्या हाताला आता प्लास्टर आहे आणि ती बरी आहे. सोलापुरात जे कोणी कब, बुलबुल (म्हणजे लहान वयाचे स्काऊट आणि गाईड), स्काऊट किंवा गाईड होते, त्यांनी आपले अनुभव येथे लिहावेत अशी मनापासून विनंती आहे.

मोगरा संघ
आईंना लवकर आराम पडो. माझ्या हातात राहिली आहे ती चादरीची डोली, म्हणजे तात्पुरते स्ट्रेचर. आमचे घर साखर पेठेत, घरात तेलुगू बोलली जाई आणि वडील यंत्रमागावर कामाला होते. हिप्परगा तलावाच्या बाजूला आमच्या गाईड पथकाचे तीन दिवसांचे शिबिर होते आणि मला पाठवायचे की नाही यावर घरी आठवडाभर चर्चा झाली, कारण आमच्या घरातील कोणतीही मुलगी तोवर रात्रीची घराबाहेर राहिली नव्हती. शेवटी वडिलांनी स्वतः विणलेली चादर माझ्या सामानात ठेवली आणि परवानगी दिली.

दुसऱ्या दिवशी कॅप्टनबाईंनी दोन काठ्या आणि एक पांघरूण घेऊन स्ट्रेचर करायला सांगितले. इतर संघांनी पातळ चादरी आणल्या होत्या आणि त्या काठीवरून घसरत होत्या. आमची सोलापुरी चादर जाड विणीची, त्यामुळे तिची घडी काठीभोवती फिरवली की वजनानेच ती आवळून बसे. बाईंचा नियम असा होता की जखमी माणसाला ठेवण्यापूर्वी त्यावर आपल्यापैकी एका धडधाकट मुलीला निजवून ते उचलून पाहायचे. त्यामुळे आधी मी झोपले आणि चौघींनी मला तलावाच्या काठापर्यंत नेऊन परत आणले. वडिलांच्या हातची ती वीण आपल्याला पेलते आहे, हे मला त्या वेळी पाठीखाली स्पष्ट जाणवत होते. घरी येऊन हे सांगितल्यावर वडील काही बोलले नाहीत, पण पुढच्या वर्षी परवानगी विचारावी लागली नाही.

भुईकोट
होम मैदान, आईंना नमस्कार सांगा. मी फक्त तिसरी-चौथीत कब होतो, पुढे शाळा बदलली आणि ते सुटले. आमच्या शिक्षिकेला 'अकेला' म्हणायचे असते, एवढे आणि 'कोशिश करो' हे ब्रीद आठवते. मुलाला डबा भरून देताना मी ते अजूनही म्हणतो.

विजापूर वेस
खरी कमाईबद्दल कोणी लिहिलेच नाही! आमच्या वेळी आम्ही गणवेश घालून घरोघर जात असू आणि 'काही काम आहे का' असे विचारत असू. सायकल पुसणे, दळण आणणे, कपाटावरची धूळ काढणे, शेंगा फोडणे अशी कामे मिळत आणि त्याबद्दल मिळालेली नाणी व कामाची नोंद कार्डावर होऊन त्यावर घरच्या मोठ्यांची सही घ्यावी लागे. मी एका आजींच्या शेंगाचटणीसाठी दुपारभर उखळात शेंगदाणे कुटले होते आणि त्यांनी दोन रुपये दिले होते. मागितलेली वर्गणी आणि केलेल्या कामाचा मोबदला यांतील फरक मला त्या दुपारी कळला. माझ्या नातवाच्या शाळेत मात्र आता खरी कमाई म्हणजे एक दिवसाचा खाऊचा बाजार असतो. भेळ आईने करायची, मुलाने विकायची आणि छायाचित्र काढायचे. मला त्याचे फार वाईट वाटते.

निळा गणवेश
काका, मी सध्या एका शाळेत गाईड कॅप्टन आहे, म्हणून नम्रपणे लिहिते. आज मुलांना अनोळखी घरी पाठवणे पालकांना आणि आम्हालाही सुरक्षित वाटत नाही, त्यामुळे स्टॉलची पद्धत आली. तरीही तुमचे म्हणणे मला पटते, कारण आमच्याकडेही पहिल्या वर्षी तयार पदार्थांचे डबेच आले होते. दुसऱ्या वर्षापासून आम्ही असे ठरवले की बाजारातून कुरमुरे, कांदे, कोथिंबीर आणण्यापासून चिरणे, भाव ठरवणे, सुटे पैसे सांभाळणे आणि शेवटी खर्च वजा करून हिशेब मांडणे हे सारे संघातील मुलींनीच करायचे. एका संघाला ४० रुपयांचा तोटा झाला आणि त्या मुली रडल्या, पण तो तोटा त्यांनी वहीत प्रामाणिकपणे लिहिला. मला स्वतःला नफा झालेल्या संघांपेक्षा त्यांचाच अधिक अभिमान वाटला.

विजापूर वेस
बाई, हे वाचून समाधान वाटले. त्या मुलींना माझा आशीर्वाद सांगा.

जोडभावी
खरी कमाईचा विषय निघाला म्हणून आजवर कोणाला न सांगितलेली गोष्ट लिहितो. माझे वडील ज्या गिरणीत होते ती बंद पडली तेव्हा मी सातवीत होतो. पथकात नाव घालायचे तर शर्ट, चड्डी, स्कार्फ, टोपी, पट्टा आणि बूट एवढे घ्यावे लागणार होते, म्हणून 'मला आवड नाही' असे सांगून मी दर शनिवारी मैदानाच्या कडेला बसून पाहत असे. गाठी मी बुटाच्या जुन्या नाडीवर शिकलो. एका शनिवारी सरांनी मला हाक मारून क्लोव्ह हिच, म्हणजे काठीला दोरी बांधायची गाठ, बांधायला सांगितली आणि ती बरोबर आल्यावर दुसरे काही न विचारता मला वाघ संघात उभे केले. पुढच्या आठवड्यात माझा गणवेश शाळेच्या कपाटात घडी घालून ठेवलेला होता. तो पथकाच्या खरी कमाईच्या पैशांतून घेतलेला आहे आणि म्हणून तो दान नाही, पथकाचा आहे, असे सरांनी मला एकट्याला बोलावून सांगितले. शाळा सोडताना मी तो धुऊन, इस्त्री करून परत केला. माझ्यानंतर तो कोणी घातला असेल हा विचार माझ्या मनात आजही येतो.

मोगरा संघ
जोडभावी दादा, हे वाचताना डोळे भरून आले. आमच्या पेठेतही त्या वर्षांत अनेक घरांत हेच घडले होते.

फलाट क्रमांक एक
सध्या कामावर आहे, तरी लिहितो. बऱ्याच जणांना माहीत नसते की भारत स्काऊट्स आणि गाईड्समध्ये रेल्वेची स्वतंत्र पथके असतात. सोलापूर हा मध्य रेल्वेचा विभाग असल्याने आमच्या वसाहतीत असे पथक होते आणि मे महिन्यातील आमचे मुख्य काम सोलापूर स्थानकावर प्रवाशांना पाणी देणे हे असे. पारा चाळिशीच्या वर गेलेला असे आणि सर्वसाधारण डब्यातील माणसे जागा जाईल या भीतीने खाली उतरत नसत, म्हणून आम्ही आधी त्याच डब्यांच्या खिडक्यांशी जात असू. एकाने बादली धरायची, दुसऱ्याने बाटल्या भरायच्या आणि संघनायकाने सिग्नलवर लक्ष ठेवून शिट्टी वाजवताच सर्वांनी बाटली अर्धी भरलेली असली तरी पिवळ्या रेषेच्या मागे यायचे, हा नियम कधीही मोडला गेला नाही. एकदा एका लहान मुलीची बाटली माझ्या हातात राहिली आणि गाडी सुटली. मला धावायचे होते, पण संघनायकाने माझा स्कार्फ मागून धरला. ती बाटली मी बरेच दिवस ठेवली होती.

प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, राज्य पुरस्कार अशा पायऱ्या चढत मी राष्ट्रपती पुरस्कारापर्यंत पोहोचलो आणि स्काऊट-गाईड कोट्यातून रेल्वेत लागलो. मधल्या काळात माझी कागदपत्रे एका कार्यालयात वर्षभर पडून राहिली आणि माझी एक संधी हुकली, याचे दुःख आहे. मुलांना हात जोडून सांगतो की प्रत्येक सोपानाच्या नोंदी आणि प्रमाणपत्रे त्या त्या वेळी पूर्ण करून स्वतःजवळ ठेवावीत.

अडुसष्ट लिंगे
आम्ही गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेत सेवेला असायचो. अक्षता सोहळ्याच्या दिवशी संमती कट्ट्याभोवती 'एकदा भक्तलिंग हर्र'चा गजर सुरू झाला आणि बाराबंदी या पारंपरिक पोशाखातील मानकऱ्यांसह नंदीध्वज येऊ लागले की गर्दीला लाटा येत. आमचे काम हरवलेल्या मुलांचे होते. सरांनी शिकवलेले असे की मुलाला आधी नाव विचारायचे नाही. त्याच्यापुढे गुडघ्यावर बसायचे, म्हणजे आपला चेहरा त्याच्या चेहऱ्यासमोर येतो, पाणी द्यायचे आणि मग कोणाबरोबर आलास असे विचारायचे. आज मी बालरुग्णांच्या विभागात परिचारिका आहे आणि रोज अशीच बसते.

निवृत्त स्काऊटर
सर्वांचे अनुभव वाचले. मी २६ वर्षे पथक चालवले. पचमढीच्या राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्रात शिबिर करून मी हिमालय वूड बॅज, म्हणजे पथक चालवणाऱ्यांच्या वरच्या प्रशिक्षणाचे मानचिन्ह, मिळवला आणि त्याचे दोन लाकडी मणी आजही देवघरात आहेत. माझे वडीलही स्काऊट होते. ते ज्या काळातले, त्या काळी देशात एकच संघटना नव्हती. १९०९ मध्ये बंगळूरला सुरू झालेल्या पहिल्या पथकात भारतीय मुलांना जागा नव्हती, म्हणून अ‍ॅनी बेझंट यांनी १९१६ मध्ये आणि मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू व श्रीराम बाजपेयी यांनी १९१८ मध्ये आपल्या मुलांसाठी वेगळ्या संघटना उभ्या केल्या. स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० रोजी स्काऊटांच्या संघटना एकत्र येऊन भारत स्काऊट्स आणि गाईड्सची स्थापना झाली आणि १५ ऑगस्ट १९५१ रोजी गाईड्सही त्यात सामील झाल्या. ज्या चळवळीत एकेकाळी आपल्या मुलांना प्रवेश नव्हता, तिच्यात गिरणी कामगाराचा मुलगा कपाटातला गणवेश घालून उभा राहतो, हे माझ्या वडिलांनी वाचले असते तर त्यांना फार आनंद झाला असता.

संघनायक पद्धतीबद्दल होम मैदान यांनी जे लिहिले आहे ते अगदी बरोबर आहे. १९०७ मध्ये स्काऊट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी ब्राउनसी बेटावर जे पहिले शिबिर घेतले, त्यातही मुलांचे चार संघ पाडून प्रत्येकाला नायक दिलेला होता. शिक्षकाला हे सर्वांत अवघड जाते, कारण मूल चुकत असताना हात मागे बांधून उभे राहावे लागते. मला ते जमायला पाच वर्षे लागली आणि त्या पाच वर्षांतील मुलांना मी कमी दिले असे मला वाटते.

भुईकोट
सर, एक विचारायचे होते. वाटेवर खडूने काढायच्या खुणांमध्ये वर्तुळ आणि मधोमध टिंब अशी एक खूण असे. तिचा अर्थ काय?

निवृत्त स्काऊटर
'मी घरी गेलो आहे.' मागोवा घेण्याच्या खेळात ती सर्वांत शेवटी काढतात. केनियातील न्येरी येथे बेडन-पॉवेल यांच्या समाधीवरही तीच खूण कोरलेली आहे.

जोडभावी
माझ्या सरांचे निधन झाले तेव्हा मी पुण्याहून पोहोचेपर्यंत उशीर झाला होता. त्यांच्या दारात कोणीतरी रांगोळीने ते वर्तुळ आणि टिंब काढून ठेवले होते. आम्ही आलेले सगळे जण तिच्या कडेने आत गेलो.

होम मैदान
जोडभावी, काय लिहावे ते सुचत नाही.

निळा गणवेश
उद्या शनिवार आहे आणि आमच्या मुलींचा त्रिकोणी पट्टीचा तास आहे. होम मैदान यांचा अनुभव मी त्यांना वाचून दाखवू का?

होम मैदान
अवश्य दाखवा, बाई. फक्त एक सुधारणा सांगा. गडबडीत मी आईच्या हातातील बांगड्या काढायला विसरलो आणि सूज आल्यावर त्या दवाखान्यात कापाव्या लागल्या. बांगड्या आणि अंगठी आधी काढायची, मग झोळी.